सोनोग्राफी : ग्लासगो ते कोल्हापूर, एका यंत्राचा इतिहास

घरात बाळाची चाहूल लागली की भारतातून येणाऱ्या फोनवर दोन प्रश्न हमखास असतात. पहिला मोठ्या आवाजात : "तिकडे सारखी सारखी सोनोग्राफी करतात म्हणे, बाळाला काही होणार नाही ना?" दुसरा जरा हळू आवाजात : "तुमच्याकडे सांगतात ना, मुलगा की मुलगी?" पहिला प्रश्न विज्ञानाचा आणि दुसरा नुसत्या कुतूहलाचा, असे आपल्याला वाटते. या यंत्राचा इतिहास पाहिला तर दोन्ही प्रश्न सुरक्षिततेचेच आहेत हे लक्षात येते.

सुरुवात युद्धातून झाली. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरल्या. तेव्हाच त्यांच्या लक्षात आले की जोरदार लहरींच्या झोतात सापडलेले मासे मरतात. म्हणजे या लहरी शरीरावर काही परिणाम करतात का, हा प्रश्न यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

वैद्यकात ही कल्पना रुजवली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी. बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात धातूतील भेगा शोधायचे ध्वनियंत्र होते. १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून तिथे घेऊन गेले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे तिथे दिसले. पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासोबत त्यांनी ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आपला प्रसिद्ध लेख छापला.

त्याच महिन्यात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांचा अहवाल आला. गरोदरपणी आईच्या पोटाचा एक्स-रे काढला असेल तर मुलाला बालपणी कर्करोग होण्याचा धोका वाढतो, असे तो सांगत होता. एक्स-रेचा शोध १८९५ चा. म्हणजे सहा दशके निर्धास्तपणे वापरल्यावर हे कळले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी बरीच वर्षे गेली. सोनोग्राफीचे डॉक्टर आजही "गरज असेल तेवढीच" असे का म्हणतात, याचे उत्तर या अनुभवात आहे.

येनामध्ये राहणाऱ्यांना यातले भौतिकशास्त्र समजणे सोपे जावे. फ्युर्स्टेनग्राबेनवर एर्न्स्ट आबे यांच्या स्मारकावर एक सूत्र कोरलेले आहे. १८७३ मध्ये मांडलेल्या या नियमाचा अर्थ असा, की लहरींची लांबी जेवढी कमी तेवढे बारीक दिसते. तो प्रकाशासाठी मांडला असला तरी त्यामागचे तत्त्व ध्वनीलाही लागू आहे. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. कंपनसंख्या ३.५ मेगाहर्ट्झ घेतली तर लहर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होते. आणखी बारीक पाहायचे तर कंपने वाढवावी लागतात, पण मग लहरी वाटेतच जास्त शोषल्या जातात आणि त्या ऊर्जेची उष्णता होते.

मुद्दा या उष्णतेचा आहे. एक्स-रेप्रमाणे या लहरी रेणूंचे बंध तोडत नाहीत. मात्र ऊतींचे तापमान त्या किंचित वाढवू शकतात, आणि वायूचे बुडबुडे असतील तर त्यांना हलवू शकतात. म्हणून आजच्या यंत्राच्या पडद्यावर दोन छोटे आकडे दिसतात, एक उष्णतेचा निर्देशांक आणि दुसरा यांत्रिक परिणामाचा. डॉक्टरने ते कमीत कमी ठेवायचे असतात. रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉपलर तपासणीत ऊर्जा एका जागी जास्त वेळ पडते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ती कारणाशिवाय करू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

मग पुरावा काय सांगतो? कोट्यवधी मुले या तपासणीतून गेली आहेत आणि जन्मदोष किंवा कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. नॉर्वेतील अभ्यासात सोनोग्राफी झालेल्या मुलांमध्ये उजव्या हाताने काम न करणाऱ्यांचे प्रमाण किंचित जास्त आढळले. वाचनात किंवा शाळेच्या अभ्यासात फरक नव्हता. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९९२ मध्ये अमेरिकेने गर्भाच्या तपासणीसाठीची ऊर्जामर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॉटवरून ७२० पर्यंत वाढवू दिली, आणि मोठे अभ्यास बहुतांशी त्याआधीच्या यंत्रांवरचे आहेत. म्हणून उत्तर असे : वैद्यकीय कारणासाठी, प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीला घाबरू नये, आणि हौसेसाठी ती करू नये.

जर्मनीने नेमका हाच धडा कायद्यात उतरवला आहे. या देशाचे सोनोग्राफीशी नाते जुने आहे. हलते चित्र दाखवणारे 'व्हिडोझॉन' हे यंत्र सीमेन्सचे रिचर्ड झोल्डनर यांनी १९६५ मध्ये घडवले. पश्चिम जर्मनीने १९८० च्या सुमारास प्रत्येक गरोदर स्त्रीला दोन सोनोग्राफी देऊ केल्या. १९९५ पासून त्या तीन झाल्या : साधारण नवव्या ते बाराव्या, एकोणिसाव्या ते बाविसाव्या आणि एकोणतिसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात. आपल्या मुटरपासमध्ये त्यांच्या नोंदी असतात. केवळ आठवण म्हणून बाळाचा 'सिनेमा' दाखवणाऱ्या तपासणीवर मात्र २०२१ च्या सुरुवातीपासून बंदी आहे. अशा तपासणीतून बाळाला फायदा काहीच नाही, तर लहरींचा मारा कशाला, असा तो साधा हिशेब आहे.

आता हळू आवाजातला प्रश्न. इथल्या डॉक्टरीणबाई हसून विचारतात, "मुलगा की मुलगी, जाणून घ्यायचे आहे?" २०१० च्या जनुकीय निदान कायद्यानुसार बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, आईची संमती असेल तर त्या सांगू शकतात. भारतात मात्र प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते, की इथे लिंगनिदान केले जात नाही. इथे वाढलेल्या मुलांना त्या पाटीचे नवल वाटते. त्यांना तिचा इतिहास आपणच सांगायला हवा, कारण तो बराचसा महाराष्ट्राचा आहे.

१९८० च्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ काढून टाकण्याचा धंदा उघडपणे चालत होता. आज काही शे रुपये खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकत. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा ४२ जण लिंगनिदानासाठी ही चाचणी करत असल्याचे आढळले. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन आंदोलन केले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ मध्ये लागू झाला.

पण तोवर यंत्र बदलले होते. सुई नको, प्रयोगशाळा नको, गाडीत मावेल असे सोनोग्राफी यंत्र तालुक्याच्या गावी पोचले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या, तर २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात दहा वर्षांत हा आकडा ८९४ वरून ८०७ वर घसरला. 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने गरोदर स्त्रियांच्या धाडसी मदतीने दोषी डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिले. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवला. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उपक्रम वैध ठरवला. २००१ मध्ये ८३९ असलेला कोल्हापूरचा आकडा २०११ च्या जनगणनेत ८६३ झाला. हा आकडा समाधानाचा नाही, पण घसरण थांबवता येते एवढे त्याने दाखवले.

आपण परदेशी आहोत, आपला याच्याशी काय संबंध, असे म्हणून सुटता येणार नाही. डग्लस आमंड आणि लेना एडलंड यांनी अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भारतीय, चिनी आणि कोरियन कुटुंबांत पहिल्या दोन मुली असतील, तर तिसऱ्या अपत्यांमध्ये मुलांची संख्या मुलींपेक्षा सुमारे दीडपट आढळली. व्हिसा बदलला म्हणून मन बदलतेच असे नाही.

म्हणून घरातल्या दोन्ही पिढ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गरोदरपणी भारतात गेल्यावर सोनोग्राफी करावी लागली तर ओळखपत्र द्यावे लागेल, फॉर्म भरावा लागेल. त्याचा राग मानू नका, आणि तिथल्या डॉक्टरांना "काय आहे?" असे गमतीनेही विचारू नका. शब्दाने किंवा खुणेनेही उत्तर देणे त्यांच्यासाठी गुन्हा आहे. आणि इथे मिळालेले उत्तर फोनवर कळवण्याआधी, ते कोणत्या सुरात ऐकले जाणार आहे याचा विचार करा. तो सूर बदलणे लहरींचे प्रमाण कमी करण्याइतके सोपे नाही. ते काम डॉक्टरांचे नाही, घरातल्या माणसांचे आहे, आणि आम्ही आजी-आजोबांनी त्याची सुरुवात करायला हवी.