अणुअपघाताची भरपाई : कायद्याचा इतिहास आणि हैदराबाद

हैदराबादमधील कोठी हा भाग जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीमुळे व गजबजलेल्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. याच शहराच्या ईशान्येस, मौला अलीच्या परिसरात, १९७१ मध्ये न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सची स्थापना झाली. देशातील अणुवीज केंद्रांना लागणारे इंधन येथे तयार होते. तारापूरचे केंद्र तर १९६९ मध्येच सुरू झाले होते. तरीही अणुअपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावी, हे ठरविणारा स्वतंत्र कायदा भारतात २०१० पर्यंत नव्हता. अमेरिकेने असा कायदा १९५७ मध्येच केला होता.

या प्रश्नाचे गांभीर्य भोपाळने दाखवून दिले. डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीत हजारो लोक मृत्युमुखी पडले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान १९८६ मध्ये, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात, सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने महत्त्वाचे तत्त्व मांडले. धोकादायक उद्योगातील अपघाताची पूर्ण जबाबदारी उद्योगाचीच असते व भरपाई त्याच्या आर्थिक क्षमतेच्या प्रमाणात असावी, असे ते तत्त्व होते.

२०१० च्या अणुहानी नागरी दायित्व कायद्याने यातील अर्धाच भाग स्वीकारला. चूक सिद्ध न करताही पीडितांना भरपाई मागता येत होती. मात्र रकमेला मर्यादा होती. मोठ्या अणुभट्टीच्या चालकासाठी ती १५०० कोटी रुपये, तर इंधननिर्मिती केंद्रासाठी अवघी १०० कोटी रुपये होती. भोपाळचा अनुभव ताजा असल्याने कलम १७ मध्ये सदोष सामग्री पुरविणाऱ्याकडून रक्कम वसूल करण्याचा अधिकार चालकाला मिळाला. परदेशी पुरवठादारांनी यालाच सतत आक्षेप घेतला. जैतापूर प्रकल्प रखडण्यामागे हेही एक कारण होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्यात २०१० चा कायदा रद्द करण्याची तरतूद आहे. सदोष सामग्रीबद्दलचा वसुलीचा तो आधार त्यात वगळला आहे.

या सर्व प्रवासात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. भरपाईची मर्यादा प्रकल्पाच्या प्रकारावरून वा क्षमतेवरून ठरली. प्रकल्पाभोवती किती माणसे राहतात, हा निकष त्यात आला नाही. मौला अलीसारख्या दाट वस्तीच्या दृष्टीने हा प्रश्न आजही अनुत्तरितच आहे.