मशीन स्वस्त, पट्टी महाग

एके काळी शुगर बघायची म्हणजे लघवी उकळायची. निळ्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे, परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरी झाला तर भरपूर. कृती स्वस्त, पण आंधळी. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. ती 50 वर घसरून माणूस घामाघूम झाला, तरी नळी निळीच.

पुढचा रस्ता दाखवला एका काळ्या बुरशीने. तिच्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर नेमकं ग्लुकोजलाच पकडतं. ते पट्टीवर वाळवून अमेरिकेतल्या एम्स कंपनीने 1965 मध्ये ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ आणली. रक्ताचा टपोरा थेंब टाकून मिनिटभर थांबायचं, मग पाण्याच्या धारेने रक्त धुऊन उरलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. रंग जुळवण्यात नजरेगणिक फरक पडे. म्हणून कंपनीच्या अँटन क्लेमेन्स या अभियंत्याने पट्टीवरून परतणारा प्रकाश मोजणारं यंत्र बनवलं. वजन किलोच्या वर, किंमत शेकडो डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना.

रिचर्ड बर्नस्टीन हे अभियंते बाराव्या वर्षापासून मधुमेही. त्यांना यंत्र मिळेना, तेव्हा डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने त्यांनी ते मागवलं. दिवसातून अनेकदा स्वतःचं बोट टोचून, आकडे बघून ते इन्सुलिन आणि जेवण बदलू लागले. त्यांचं म्हणणं डॉक्टरमंडळी ऐकेनात, म्हणून पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले! ग्लुकोमीटर रुग्णाच्या हाती आला, त्याचं मोठं श्रेय मी या हट्टाला देतो.

1987 मध्ये ‘एक्झॅकटेक’ हे पेनाएवढं मशीन बाजारात आलं. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधनातून घडलेल्या या मशीनने रंग बघणंच सोडलं. विकर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतं, फेरोसीनपासून बनवलेलं मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं आणि वाहणाऱ्या विजेवरून साखर कळते. धुणं-पुसणं संपलं.

इथेच खर्चाचं गणितही उलटलं. वीज मोजणारं मशीन स्वस्त झालं, पण सगळी करामत पट्टीत गेली: छापलेले इलेक्ट्रोड, वाळवलेलं विकर, रक्त आपसूक ओढून घेणारी बारीक फट. शिवाय एक पट्टी एकदाच चालते आणि बहुधा त्याच कंपनीच्या मशीनमध्ये. स्वस्त उपकरण बनवायचं तर खरी झुंज पट्टीशी आहे. 2013 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईच्या आयआयटीशी आणि बिट्स पिलानीच्या हैदराबाद संकुलाशी निगडित दोन देशी ग्लुकोमीटर पुढे आणले, तेव्हाही भर स्वस्त पट्टीवरच होता. तो योग्यच होता. इन्सुलिन घेणाऱ्याला दिवसातून तीन-चारदा शुगर बघावी लागते. पट्टी परवडत नाही म्हणून तो एकदाच बघतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा घरी मशीन आणणार असाल, तर दुकानात आधी पट्टीचा भाव विचारा आणि ती आपल्या गावात बारा महिने मिळते का, तेही. डबीचं झाकण मात्र पट्टी काढल्याबरोबर घट्ट लावा. पावसाळी दमट हवेत विकर खराब होतं आणि आकडा चुकतो.