घाट फोडणाऱ्यांची नावं कुठायत?

आज 28 एप्रिल. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यासाठी हा दिवस जगभर पाळतात. आपल्या मावळात त्याची फारशी कुणाला खबर नसते. म्हणून ही जरा मोठी पोस्ट. वेळ काढून वाचा.

बेडश्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या व्हरांड्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. नाशिकच्या आनंद शेठजींचा मुलगा पुष्यणक याने दान दिलं, एवढाच मजकूर. तिथेच एक छोटा स्तूप आहे, गोभूती नावाच्या भिक्षा मागून जगणाऱ्या भिक्षूचा. तो त्याच्या शिष्याने करवून घेतला. म्हणजे पैसेवाल्याचं नाव राहिलं आणि ज्याला आठवणारं माणूस होतं त्याचंही राहिलं. छिन्नी-हातोड्याने हा कातळ ज्यांनी फोडला त्यांचं मात्र नाव नाही.

आता जवळचा इतिहास बघा. बोरघाटातल्या रेल्वेचं काम 1856 साली सुरू झालं. जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कले. सुमारे 25 किलोमीटरचा मार्ग, 25 बोगदे, 8 मोठे पूल आणि 1,831 फुटांची चढण. यंत्रं जवळपास नाहीत. सुरुंगाची दारू, पहार, घमेलं आणि माणसं. उभ्या कड्यावर सुरुंगाची भोकं पाडायला माणसं दोरीने खाली सोडायचे. 1861 च्या सुमाराला एकाच वेळी 40 हजारांवर मजूर या घाटात राबत होते. बायका-पोरंसुद्धा.

पहिला कंत्राटदार फॅविएल. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम. मजुरी वर अडकायची आणि खाली पोचायचीच नाही. जानेवारी 1859 मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅविएलने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून गेला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट हाती घेतलं आणि आपल्या माणसांकरवी काम तडीस नेलं. 1863 मध्ये घाट सुरू झाला.

त्याच सुमाराला पटकीची साथ घाटातल्या झोपड्यांतून फिरली. दरडी, सुरुंग, पडझड आणि रोगराई मिळून या घाटात किती माणसं मेली? अभ्यासकांचा अंदाज 25 हजारांच्या आसपास जातो. अंदाजच, कारण नोंदच नाही. बर्कलेंचा चेहरा आजही सीएसएमटीच्या इमारतीवर दगडात कोरलेला आहे. या हजारोंसाठी घाटात एक दगडही नाही.

उद्रेकानंतर सरकारने 1860 मध्ये कायदा केला. मजुरीचा वाद मॅजिस्ट्रेटपुढे झटपट मिटवायची सोय त्यात होती, पण करार मोडून निघून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. त्याच्या जिवाबद्दल एक शब्द नाही. काम करताना मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई देणारा कायदा यायला 1923 साल उजाडलं.

तुम्ही म्हणाल, हे इंग्रजांच्या काळातलं. मग 7 जून 2021 आठवा. शेजारच्या मुळशीत उरवड्याच्या कंपनीत आग लागली, 17 जीव गेले, बहुतेक बायका. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात पुन्हा तेच. आठवडाभर बातम्या चालल्या. आज त्यातली दोन नावं कुणी सांगू शकेल का?

पोटकंत्राटाची साखळी अजून तशीच आहे. मावळात रस्ते, बोगदे, बंगले, गोदामं सगळीकडे कामं चालू आहेत. मराठवाड्यातून, बिहार-झारखंडमधून माणसं येतात. त्यांचं नाव हजेरीपटावर नसलं, तर अपघातानंतर तो माणूस तिथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. तिथून भरपाईची रडकथा सुरू होते. नाव लिहून ठेवणं हा नुसता भावनेचा विषय नाही. घरच्यांच्या पोटाचा आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, खंडाळ्यात नाहीतर लोणावळा स्टेशनवर घाटात मेलेल्या मजुरांसाठी एक साधा फलक लागावा. मराठीत. नगरपरिषद आणि रेल्वेने ठरवलं तर अवघड नाही. दुसरी, आपल्या गावात काम चालू असेल तर ग्रामपंचायतीने कंत्राटदाराकडून मजुरांची यादी मागावी, बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी झाली का ते विचारावं. सरपंच, सदस्य मंडळी वाचत असतील तर पुढच्या मासिक सभेत विषय घ्या.

तुमच्या घरात आजा-पणजाने घाटात काम केल्याची काही आठवण सांगितली जात असेल, तर खाली जरूर लिहा. कुणाचं नाव आठवत असेल तर नावासकट.