पद्मिनीच्या स्टेअरिंगमधला ‘प्ले’

माझं पीएचडीचं काम धातूंच्या झिजेवर आहे. हे सोसायटीत कळल्यापासून मिक्सरच्या ब्लेडपासून शिलाई मशिनपर्यंत काहीही माझ्यापुढे येतं. या वेळी तळमजल्यावरच्या काकांनी थेट गाडीच दाखवली. १९७४ची प्रीमियर पद्मिनी. डोंबिवलीच्या पावसात इतकी वर्षं उभी राहूनही बॉडी ठीकठाक. पण स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म! गॅरेजवाले याला ‘प्ले’ म्हणतात. काकांचा प्रश्न वेगळाच होता, “हे पार्ट बदलले तर गाडी ओरिजिनल राहील का गं?”

प्रश्न उगाच नाही. २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. पद्मिनी हे नाव १९७४चं, म्हणजे सगळ्यात जुन्या पद्मिनी आत्ता कुठे या वयाला पोचल्या. नियमातला मोठ्या फेरबदलांचा मुद्दा चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांच्याबद्दल आहे. झिजलेला बॉल जॉइंट बदलल्याने कुणी गाडी नाकारणार नाही. तरी काकांचं मन मानेना. म्हणून मी थोडा इतिहास खणला.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. १९५०च्या दशकात फियाटशी करार झाला, १९६४ पासून फियाट ११०० डी इथे बनू लागली. तीच पुढे १९७३ मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि वर्षभरात ‘पद्मिनी’ झाली. नावं बदलली, खालचा सांगाडा फारसा बदलला नाही. तुमच्या आजोबांनी कार बुक करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्या याच काळातल्या. १९५९ मध्ये सरकारने गाड्यांच्या वाटपावर नियंत्रण आणलं, १९६९ मध्ये किमतीही ठरवून दिल्या. नवी गाडी सहज मिळत नसेल तर जुनी टिकवावीच लागते, आणि टिकवायची म्हणजे गाडीखाली शिरावं लागतं.

शिरल्यावर काय दिसतं? ड्रायव्हरच्या बाजूला स्टेअरिंग बॉक्स, समोरच्या बाजूला आयडलर आर्म, मध्ये आडवा दांडा आणि दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण ते लहान वर्तुळावर फिरतं. ही करामत मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने ती घोडागाडीसाठी केली आणि १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमनने पेटंट घेतलं. नाव अर्थातच अकरमनचं राहिलं! (पीएचडी करणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.)

आता तपासणी. गाडी जमिनीवरच ठेवून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर बोटं ठेवून पाहायचं. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो गेला. मग जॅक लावून, खाली स्टँड देऊन चाक उचलायचं. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखड आली तर बहुधा टाय रॉड. वर-खाली धरून आली तर बेअरिंग किंवा किंगपिन, बॉल जॉइंट. त्यातलं नेमकं कुठलं? कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर आतला सांधा. एकही मीटर न लावता केलेला हा प्रयोग मला आमच्या लॅबमधल्या काही प्रयोगांपेक्षा सरस वाटतो.

काकांच्या गाडीत दोन टाय रॉड एंड गेले होते, पण खरा प्ले बॉक्समध्ये होता. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की प्ले जातो, हा सर्रास उपाय. इथेच गंमत आहे आणि धोकाही. बॉक्समध्ये स्क्रूच्या आट्यांसारखा ‘वर्म’ असतो. आर्चर्डने १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झीज ही भार आणि घसरण्याचं अंतर यांच्या गुणाकारावर वाढते आणि धातूच्या कठीणपणाप्रमाणे घटते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, हात सतत बारीक बारीक सुधारणा करत असतो. त्यामुळे वर्म मध्यभागी सर्वाधिक झिजतो, टोकांना जवळजवळ कोराच राहतो. मध्यावरचा प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग घट्ट अडकतं आणि सोडल्यावर परत येत नाही. कल्याण-शिळ रस्त्यावर वळताना हे झालं तर?

दुसरा जुना उपाय लेथचा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्याची वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत. अशा वसाहतींच्या आसपास कुशल टर्नर तयार झाले आणि पार्ट मिळेना तेव्हा त्यांनी बुश करून गाड्या चालत्या ठेवल्या. याबद्दल मला आदरच आहे. पण स्टेअरिंगच्या पिनांचा वरचा पातळ थरच मुद्दाम कठीण केलेला असतो. लेथवर तो खरवडला गेला की खालचं मऊ पोलाद भराभर झिजतं. म्हणून बुश बदलावा, पिन खरवडू नये. आणि स्टेअरिंगच्या दांड्यांना वेल्डिंग कधीच नको. त्या उष्णतेने पोलादाची रचना बदलते, तडा जातो तो डोळ्यांना दिसत नाही. तडा शोधायला लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पूड मारतात. तडा असेल तर रंग त्यातून पाझरून लाल रेघ उमटते.

या सगळ्या सांध्यांचं युग संपलं ते आपल्याच भागाजवळ. १९८३ मध्ये रॅक-पिनियनची मारुती आली. पुढे १९९०च्या दशकात प्रीमियरच्याच कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनली, तीही रॅकवाली. सांधे कमी, प्लेच्या जागा कमी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये थांबली.

काकांना मी सांगितलं की या सांध्यांची झीज तर ठरलेलीच आहे, त्यामुळे ‘ओरिजिनल’ टाय रॉड एंड जपणं म्हणजे ओरिजिनल टायर जपण्यासारखं. दोन्ही एंड नवे टाकले, नटांना नव्या कॉटर पिना घातल्या, अलाइनमेंट करून घेतलं. वर्म मात्र झिजलेलाच आहे. त्याच मापाचा चांगला बॉक्स मिळेपर्यंत गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढायची नाही, असं काकूंनी बजावलंय.