मांडणी : जेवणघरातील फळ्यांचा इतिहास

'मांडणी' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राबतो. समीक्षेत तो विचारांच्या रचनेसाठी येतो, जुन्या स्वयंपाकघरात डबे-भांडी ठेवण्याच्या फळ्यांसाठी. साहित्याचे अध्यापन करणारे आम्ही पहिल्या अर्थाविषयी तासन्‌तास बोलतो. दुसऱ्या मांडणीलाही इतिहास असेल असे आमच्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका मांडणीचा विचार करीत आहोत : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील छोट्या घरांत जेवणघराच्या भिंतीतच बसवला जाणारा 'बुफे'. (आज या शब्दाने लग्नघरातील रांग आठवते, येथे अर्थ आहे भांड्यांचे कपाट.)

या कपाटाचे पूर्वज दरबारी आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बर्गंडीच्या दरबारातील आलिएनोर द प्वातिए या स्त्रीने तेथील रीतिरिवाज लिहून ठेवले. सोन्याचांदीची भांडी ज्यावर मांडत त्या चौरंगवजा फडताळाला किती पायऱ्या असाव्यात, हे त्या लेखनात स्त्रीच्या दर्जानुसार येते. राणीला पाच, काउंटच्या पत्नीला तीन, स्वतःचे निशाण बाळगणाऱ्या सरदाराच्या पत्नीला दोन. भांडी वापरण्याचा प्रश्न येथे गौण होता. फळी मोजली की माणूस कळत असे. फळ्या स्त्रीच्या दालनातल्या, पण त्यांची संख्या ठरे ती पतीच्या पदवीवरून, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

पुढे युरोप-अमेरिकेतील श्रीमंत घरांत दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. शोभेची भांडी जेवणघरात राहिली. रोजची काचभांडी, सुऱ्या-काटे आणि टेबलावरची कापडे स्वयंपाकघर व जेवणघर यांच्यामधल्या एका अरुंद खोलीत गेली. तिला पॅन्ट्री म्हणत आणि तेथे नोकरांचे राज्य असे. पाहुण्यांना त्या खोलीचे दार दिसे, फळ्या दिसत नसत.

नोकर नसलेल्या घराचा विचार गंभीरपणे करणाऱ्यांत एक नाव आमच्या परिचयाचे आहे. 'अंकल टॉम्स केबिन' (1852) लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो आणि त्यांची बहीण कॅथरीन बीचर यांनी 1869 मध्ये 'द अमेरिकन वुमन्स होम' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्वयंपाकघराचे आराखडे आहेत. आगबोटीवरील स्वयंपाक्याला एक-दोन पावलांत सारे हाताशी मिळते, मग गृहिणीलाच दिवसभर येरझारा का, हा त्यांचा युक्तिवाद. स्टोबाईंच्या कादंबरीवर व्याख्याने होतात. या पुस्तकाचे नावही साहित्याच्या वर्गात क्वचितच उच्चारले जाते. आमच्या मते हे नुकसान आहे. एकच लेखिका गुलामाच्या श्रमाविषयी आणि गृहिणीच्या श्रमाविषयी लिहिते, तेव्हा ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला हवीत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घरात राहणारे नोकर मध्यमवर्गाला परवडेनासे झाले आणि त्याच काळात 'बंगलो' लोकप्रिय झाला. शब्द आपल्याकडूनच, बंगालवरून, इंग्रजीत गेलेला; घर मात्र तिकडचेच. गुस्ताव स्टिक्ली यांच्या 'द क्राफ्ट्समन' (1901–1916) या मासिकाने विल्यम मॉरिसचा साधेपणाचा विचार अशा घरांच्या नकाशांत उतरवला, तर सिअर्स कंपनीने 1908 ते 1940 या काळात अख्खी घरे टपालाच्या सूचीतून विकली. बंगलोत पॅन्ट्रीला जागा नव्हती. ती आकसली किंवा नाहीशी झाली. तिच्यातील खण आणि फळ्या सरकून जेवणघराच्या भिंतीत आल्या. भिंतीतला बुफे म्हणजे ही पॅन्ट्री आणि दरबारी फडताळ यांचा संकर होय.

त्याची नेहमीची रचना अशी. खाली खोल कप्पे, मोठ्या परातींसाठी आणि थाळ्यांसाठी. त्यांच्या जवळच उथळ खण चांदीच्या चमच्यांसाठी आणि लांबरुंद खण टेबलावरच्या कापडांसाठी. मग कमरेच्या वर येणारा लाकडी ओटा, ज्यावर गरम पदार्थ वाढण्यापूर्वी टेकवायचे. त्यावर आरसा किंवा आडवी खिडकी. वर किंवा दोन्ही बाजूंना काचेची दारे, आणि आतल्या फळ्या खालच्यांहून कमी खोलीच्या, म्हणजे मागची बशी काढताना पुढची पडू नये. फळ्या अचल ठेवायच्या की खुंट्यांवर वरखाली सरकणाऱ्या, हाही निर्णय करावा लागे. सर्वांत बोलका तपशील मात्र फळीच्या मागच्या कडेजवळ कोरलेल्या खाचेचा. खाच असली की बशी उभी राहते आणि तिचे चित्र दिसते. नसली की बशा एकावर एक रचल्या जातात आणि दुप्पट-तिप्पट मावतात. आपले ताटाळे ताट उभे ठेवते ते निथळावे म्हणून. त्या खाचेला पाणी ठाऊक नाही, तिला फक्त पाहुणा ठाऊक आहे.

साधेपणाचा उद्घोष करणाऱ्या त्या घरांतही काचेची दारे आणि खाच टिकून राहिली. बर्गंडीच्या पायऱ्या मोडल्या, पण दाखवण्याची हौस मोडली नाही. काही नकाशांत बुफेच्या पाठीला एक लहान झडप असे; स्वयंपाकघरातून भांडे थेट ओट्यावर सरकवता यावे म्हणून. मोठ्या घरात आत नोकर आणि बाहेर मालकीण अशी विभागणी होती. येथे भांडे आत ठेवून, वळसा घालून, बाहेर येऊन तेच उचलणारी बहुधा एकच बाई. मासिकांनी याला सोय म्हटले. ती सोय होती हे खरे, पण नोकराचे काम नाहीसे झाले नव्हते, ते गृहिणीकडे आले होते. कपाट भिंतीतच असल्याने मांडणी बदलणेही सहज तिच्या हाती नव्हते. मनाजोगते कपाट विकत घेऊन दुसऱ्या भिंतीशी ठेवणाऱ्या स्त्रीला तेवढी तरी मुभा असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेवणघर आणि बैठक एक होऊ लागली, तेव्हा यांपैकी अनेक बुफे काढून टाकले गेले किंवा रंगाच्या थरांखाली गेले. आज जी माणसे ती घरे मूळ रूपात आणू पाहतात, ती फळ्यांच्या कडेला खुंट्यांची भोके शोधतात, आणि रंग खरवडून खाच लागते का ते बोटाने चाचपून पाहतात.