निळ्या-नारिंगी गोधडीची गोष्ट

बेसबॉलच्या टीमनं एका हंगामात किती वेळा हरावं याला तसं काही बंधन नाही. पण सभ्य माणसं शंभराच्या अलीकडे थांबतात. मार्चअखेर हंगाम सुरू होतो, सप्टेंबरअखेर संपतो, आणि मधले सहा महिने जवळजवळ रोज मॅच. न्यूयॉर्क मेट्स ही टीम १९६२ साली नव्यानं जन्माला आली. त्या वर्षी तिच्या १६० मॅचेस निकालात निघाल्या. त्यातल्या ४० तिनं जिंकल्या आणि उरलेल्या, पाढे येत असले तर कळेलच, १२० हरल्या.

मी या टीमचा भक्त आहे. आता तुम्ही म्हणाल, क्रिकेटवर पोसलेल्या मराठी माणसाला ही काय अवदसा आठवली? अहो, मेट्सचं घर १९६४पासून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंगमध्ये आहे, आणि १९७७ सालापासून आपला गणपतीही त्याच फ्लशिंगमध्ये देवळात बसलेला आहे. गणपतीला जाणाऱ्या माणसाच्या कानावर स्टेडियमातला आक्रोश पडणारच. असो. मला भांडायचंय ते १९६२च्या संघनिवडीबद्दल. हे भांडण जुनं आहे, पण भक्ताला शिळं काही नसतं.

आधी पूर्वपीठिका. न्यूयॉर्कात पूर्वी तीन टीम्स होत्या: यँकीज, जायंट्स आणि ब्रुकलिनचे डॉजर्स. १९५७चा हंगाम संपल्यावर डॉजर्स आणि जायंट्स दोघांनीही बिऱ्हाड उचललं आणि थेट कॅलिफोर्निया गाठलं. एक लॉस एंजेलिसला, एक सॅन फ्रान्सिस्कोला. लाखो माणसं एका हिवाळ्यात पोरकी झाली. मागं राहिले यँकीज. ते श्रीमंत आणि नेहमी जिंकणारे. पण ब्रुकलिनच्या माणसाला 'आता यँकीजना टाळ्या वाजव' म्हणणं म्हणजे शिवाजी पार्क जिमखान्याच्या माणसाला दादर युनियनच्या तंबूत चहा प्यायला बसवण्यासारखं. तो तहानलेला मरेल, पण जायचा नाही.

तेव्हा या पोरक्यांसाठी मेट्स काढली. रंग ठरवले तेसुद्धा कसे, तर डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी. घरातली दोन वडीलधारी माणसं गेल्यावर त्यांच्या लुगड्यांची गोधडी शिवावी, तसा प्रकार. खेळायला मैदान घेतलं तेही जायंट्सनं टाकून दिलेलं पोलो ग्राउंड्स. मॅनेजर आणला केसी स्टेंगल. वय एकाहत्तर. हे गृहस्थ तरुणपणी डॉजर्सकडून खेळलेले, जायंट्सकडून खेळलेले, आणि पुढे यँकीजचे मॅनेजर म्हणून बारा वर्षांत सात वेळा वर्ल्ड सीरिज जिंकलेले. म्हणजे गेल्या पन्नास वर्षांचं न्यूयॉर्क एकाच धोतरात, म्हणजे एकाच विजारीत, उभं होतं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. गोधडी उबदार असते. तक्रार पुढे आहे.

नव्या टीमला खेळाडू कुठून मिळायचे? ऑक्टोबर १९६१मध्ये जुन्या आठ टीम्सनी आपापल्या यादीतली काही नावं विकायला काढली. एकत्र कुटुंबात वाटणी होते तेव्हा थोरल्या जावा धाकटीला कुठली भांडी काढून देतात हे आपण पाहिलेलं आहे. पोचे आलेलं पातेलं, कान तुटलेली कढई, झाकण हरवलेला डबा. फरक इतकाच की इथं धाकटीला त्याचे पैसेही मोजावे लागले. मेट्सनी बावीस माणसं घेतली आणि अठरा लाख डॉलर मोजले.

यावर लोक म्हणतात, 'मग बिचारे करणार काय? मिळालं त्यात भागवलं.' माझं भांडण नेमकं इथं आहे. त्याच दिवशी, त्याच पातेल्यांतून आणखी एका धाकट्या जावेनं खरेदी केली होती. ह्यूस्टनची टीमही तेव्हाच जन्मली. तिनं तरणीताठी पोरं उचलली, आणि पहिल्याच वर्षी ६४ मॅचेस जिंकून दहांत आठवा नंबर मिळवला. शिकागो कब्जसारखी खानदानी टीम तिच्या खाली होती. म्हणजे कढईत दोष होता हे खरं, पण निवडणाऱ्याच्या हातातही होता.

निवडणारे होते जॉर्ज वाइस, हेही यँकीजमधून आलेले. त्यांनी हिशेब मांडला तो मैदानाचा नव्हे, तिकिटाच्या खिडकीचा. न्यूयॉर्कच्या माणसाला ओळखीचे चेहरे हवेत, तर द्या त्याला ओळखीचे चेहरे. ब्रुकलिनचा लाडका गिल हॉजेस घेतला; वय अडतीस आणि गुडघा त्याहून म्हातारा. डॉन झिमर, चार्ली नील, रॉजर क्रेग हे डॉजर्सचेच. रिची अॅशबर्न फिलाडेल्फियात उमेद घालवून आलेला, पस्तिशीचा. कागदावर ही यादी वाचली की १९५५ सालच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. अडचण एवढीच की साल १९६२ होतं.

आता एकेक जागा घेऊ. चेंडू झेलायला मागं बसतो तो कॅचर, आपल्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊ. मेट्सची सगळ्यात पहिली निवड म्हणजे होबी लँड्रिथ हा कॅचर. स्टेंगलनी त्याचं कारणही दिलं: कॅचर नसला तर चेंडू मागं जात राहतील. तर्काला तोड नाही. पण हंगाम संपेपर्यंत सात कॅचर झाले. त्यातला हॅरी चिटी हा क्लीव्हलंडकडून 'बदल्यात कोण देणार ते मागाहून ठरवू' या बोलीवर आणला होता. दीड-दोन महिन्यांनी मागाहूनचं ठरलं, आणि बदल्यात चिटीच परत पाठवला. माणूस स्वतःच्याच बदल्यात गेला! सख्ख्या भावांच्या वाटणीतही असला व्यवहार मी पाहिलेला नाही.

तिसऱ्या बेसवर झिमर. त्याला ओळीनं चौतीस वेळा एक फटका बसला नाही. शेवटी बसला, आणि लवकरच त्याला सिनसिनाटीला देऊन टाकला. बदल्यात दोघे आले. त्यातला एक बॉब मिलर नावाचा पिचर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. मेट्सकडे बॉब मिलर नावाचा एक पिचर आधीच होता. दौऱ्यावर दोघांना हॉटेलात एकाच खोलीत ठेवत, म्हणजे फोन कुणाचाही आला तरी बॉब मिलर घरी सापडे. आधीच्या बॉब मिलरनं बारा मॅचेस हरून पहिला विजय मिळवला तो हंगामाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. त्याच्या धीराला माझा नमस्कार.

आणि पहिल्या बेसवर मार्व थ्रोनबेरी. लँड्रिथची आठवण आहे ना, पहिली निवड? तो बाल्टिमोरला देऊन हा आणला. पूर्ण नाव मार्विन यूजीन थ्रोनबेरी. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून पाहा: एम, ई, टी. विधिलिखित म्हणतात ते हे. १७ जून १९६२ला कब्जविरुद्ध याच्या हातात चेंडू नसताना हा धावणाऱ्याच्या वाटेत उभा राहिला, आणि पंचांनी समोरच्याला जीवदान दिलं. लगेच आपल्या पाळीत यानं असा टोला हाणला की तीन बेस धापा टाकत पार केले. कब्जनी तक्रार केली की यानं पहिल्या बेसला पायच लावला नाही. पंचांनी बाद दिलं. स्टेंगल तावातावानं भांडायला निघाले, तर त्यांना वाटेत सांगण्यात आलं की जाऊ नका, त्यानं दुसऱ्यालाही लावलेला नाही. पुढच्या चार्ली नीलनं होमरन मारला तेव्हा हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ बाहेर येऊन प्रत्येक बेसकडे बोट दाखवत उभे राहिले: 'इथं पाय, आता इथं पाय.' मेट्स ती मॅच ८-७ अशी हरले. एका धावेनं!

अशा गोष्टी सांगायला लागलं की रात्र पुरत नाही, आणि इथंच माझ्यासारख्या भक्ताला जरा अवघडतं. कारण हसता हसता आपण विसरतो की ही माणसं पोटासाठी खेळत होती. बेसबॉलमध्ये हार नुसती टीमच्या नव्हे, एका पिचरच्या नावावर कायमची लिहिली जाते. रॉजर क्रेगच्या नावावर त्या वर्षी २४ लिहिल्या गेल्या, अल जॅक्सनच्या नावावर २०. आता ही टीम मैदानात २१० वेळा चुकली, तिनं ६१७ धावा केल्या आणि ९४८ दिल्या. अशा घरात ऋषी जरी चेंडू टाकायला उभा केला तरी तो हरेल. जॅक्सननं ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध एकट्यानं पंधरा इनिंग टाकल्या, नेहमीची मॅच नऊ इनिंगची असते, आणि तीही हरला. क्रेगनं तर १९६३मध्ये लागोपाठ अठरा हारींची माळ घातली. ती तुटावी म्हणून पाठीवरचा ३८ नंबर टाकून मुद्दाम अशुभ १३ घेतला, आणि तुटली. माझं स्पष्ट मत आहे की हे दोघे उत्तम पिचर होते. वाईट पिचरला चोवीस मॅचेस हरायची संधी कुणी देत नाही. सहाव्या-सातव्या हारीलाच घरी पाठवतात.

अॅशबर्नचं तसंच. दहातून तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज या खेळात थोर समजतात. तो त्या वर्षी तसाच खेळला. तो स्वतः सांगत असे की झेल घ्यायला धावताना व्हेनेझुएलाचा एलिओ चाकोन येऊन त्याच्यावर आदळायचा, कारण चाकोनला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून अॅशबर्ननं 'माझा, माझा' हे स्पॅनिशमध्ये पाठ केलं. पुढच्या झेलाला तो तसं ओरडला, चाकोन शहाण्यासारखा थांबला, आणि दुसऱ्या बाजूनं स्पॅनिश न येणारा फ्रँक टॉमस येऊन आदळला. मुंबईच्या चाळीत राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. हंगामाअखेर टीममधला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अॅशबर्नला एक बोट बक्षीस मिळाली. ती बुडाली. तो हसत होता, हसवत होता, आणि पुन्हा एक वर्ष असं काढायचं नाही म्हणून त्यानं बॅट कायमची खाली ठेवली. हॉल ऑफ फेममध्ये त्याला पुढे १९९५ साली घेतला. एवढा माणूस हसून हसून थकला, हे मला त्या १२० हारींपेक्षा जड वाटतं.

प्रेक्षक मात्र थकले नाहीत. शेवटच्या नंबरच्या टीमला पाहायला त्या वर्षी नऊ लाखांवर माणसं आली. थ्रोनबेरीचं नाव उलटं लिहिलेले सदरे घालून आली, चादरींवर घोषणा रंगवून आली. १९६४मध्ये तर मेट्स पुन्हा तळाला असताना यँकीजपेक्षा जास्त तिकिटं खपली. तेव्हा जॉर्ज वाइस यांचा खिडकीचा हिशेब चुकला असं मला म्हणता येत नाही, ही माझी खरी पंचाईत आहे. टीम चुकीची निवडली आणि माणसं बरोबर आली. ह्यूस्टनच्या आठव्या नंबरवर कुणी पुस्तक लिहिलं नाही. मेट्सवर जिमी ब्रेस्लिननं १९६३मध्येच लिहिलं.

आणि भवितव्य? १९६२च्या सप्टेंबरात कुणी विचारलं असतं तर मी एकच नाव घेतलं असतं: एड क्रेनपूल, न्यूयॉर्कचाच, वय सतरा, नुकताच आणलेला. बाकी अंधार. पुढली तीन वर्षं १११, १०९ आणि ११२ हारी. मग १९६६मध्ये टॉम सीव्हर नावाच्या पोराचा दुसऱ्या टीमशी झालेला करार नियमात बसेना. त्याला मागणाऱ्या तीन टीम्सच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मेट्सची निघाली. भिशीत पहिला नंबर लागावा तसं. १९६८ला मॅनेजर म्हणून परत आला तो अधू गुडघ्याचा गिल हॉजेस, आणि १९६९मध्ये याच टीमनं १०० मॅचेस जिंकून बाल्टिमोरला हरवत वर्ल्ड सीरिज घेतली. म्हणजे वाइसनी आठवणीपोटी घेतलेली निदान एक वस्तू उपयोगी पडली. फक्त सात वर्षं आधी घेतली होती.

१२० हारींचा तो विक्रम शेवटी २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्सनी १२१ हरून मोडला. मला, खरं सांगायचं तर, थोडा रागच आला. व्हाइट सॉक्स ही १९०१पासूनची टीम. वाटणीत आलेली भांडी नव्हेत, घरची स्वतःची भांडी असून हे केलं. आमच्या विक्रमामागे निदान काही सबब होती.

१२०वी हार ३० सप्टेंबर १९६२ला शिकागोत झाली. आठव्या इनिंगला मेट्सची दोन माणसं बेसवर उभी होती आणि बॅटिंगला सातवा कॅचर, जो पिग्नटानो. त्यानं चेंडू मारला तो झेलला गेला, आणि दोघे धावणारेही परतण्याआधी बाद झाले. एका फटक्यात तीन! ती पिग्नटानोची कारकिर्दीतली शेवटची बॅटिंग. १९६९च्या विश्वविजेत्या मेट्समध्ये हा गृहस्थ कोच होता. राखीव पिचर जिथं हात मोकळे करतात त्या कोपऱ्यात त्याला टोमॅटोचं एक रानटी रोप उगवलेलं दिसलं. त्यानं त्याला पाणी घातलं, आणि मग वर्षानुवर्षं मॅच चालू असताना तो तिथं भाजीचा वाफा राखत असे.