झिजलेल्या तांब्याचे मोल

जुनी ब्रिटिश नाणी ओळखण्याचे शास्त्र मला मान्य आहे. त्यांची किंमत ठरविण्याच्या शास्त्राशी मात्र माझे भांडण आहे.

१७७५ नंतर इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणे बरीच वर्षे जवळजवळ थांबविले. धनिकांचे सोन्याच्या गिनीवर भागे. मजुरी चुकवायला सुटे नाणे मिळेना. म्हणून १७८७ साली वेल्समधील अँगलसी बेटावरच्या तांब्याच्या खाण कंपनीने स्वतःची टोकने पाडली. त्यांवर राजा नाही, ड्रुइड पुरोहित आहे. (पुरोहिताला तिथेही जागा मिळालीच!) त्याच साली कारखानदार जॉन विल्किन्सनने राजाच्या जागी स्वतःचाच चेहरा छापला. कामगार मागल्या बाजूला.

टोकन ओळखायचे तर कड वाचावी. ते कोठे वटेल हे पुष्कळदा तिथेच लिहिलेले असते. १८१७ च्या कायद्याने अशा खाजगी टोकनांवर बंदी आली.

पण तांब्यावर केवळ मालकच बोलले असे नाही. जमीन साऱ्या गावाच्या सामाईक मालकीची असावी असे मांडणारा थॉमस स्पेन्स लंडनमध्ये पुस्तके आणि टोकने विकी. १७९४ साली खटला न चालवता त्याला सुमारे सात महिने तुरुंगात डांबले. त्याच्या एका टोकनावर अमेरिकेतील आदिवासी उभा आहे. भोवतीच्या मजकुराचा आशय असा की एकदा खंड द्यायला कबूल झालो की माझे स्वातंत्र्य गेले. त्याच दशकातल्या दुसऱ्या एका टोकनावर साखळदंडातला काळा गुलाम गुडघे टेकून विचारतो, मी माणूस नाही काय, भाऊ नाही काय? ही टोकने काढणारे गुलामगिरीचे विरोधकच होते, हे खरे. तरी त्यांच्या कल्पनेतही गुलामाने गुडघ्यावरच का यावे? मला स्पेन्सचा उभा माणूस जवळचा वाटतो.

बाजार काय पाहतो? दुर्मिळता, आणि झीज नसणे. साच्यातून निघून थेट संग्राहकाच्या कप्प्यात गेलेले टोकन महाग. शेकडो कष्टकऱ्यांच्या हातांतून फिरून गुळगुळीत झालेले स्वस्त. इतिहास ज्याने जगला त्याचेच मोल कमी! अभ्यासकाने उलट तेच झिजलेले आधी उचलावे. ते खरोखर चलनात होते, याची साक्ष ती झीजच देते.

मोल ठरविण्याची ही रीत तांब्यापुरती नव्हती. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपविताना दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. गुडघे टेकलेल्या त्या माणसाला एक फार्दिंगही नाही.